चौघांचे साठ, संघाला नऊ

टेनिस कोर्टवर नवशिक्याला राज्य पातळीवरच्या खेळाडूसमोर उभं केलं, तर दहा मिनिटांत खेळ आटोपतो आणि मजा दोघांनाही येत नाही. गोल्फमध्ये मात्र ६ हँडिकॅपची पंचविशीतली मुलगी आणि २४ हँडिकॅपचे निवृत्त बँक अधिकारी एकमेकांविरुद्ध अठराव्या होलपर्यंत चुरशीनं खेळू शकतात, आणि जो जिंकतो तो खरोखरीच जिंकलेला असतो. या खेळात याहून मोठं मला काही वाटत नाही. पण ही बरोबरी आपोआप होत नाही, ती बसवावी लागते. पुण्यातल्या एका क्लबच्या स्पर्धा समितीत बरीच वर्षं मी हेच काम करतो आहे. चांगली स्पर्धा टी-ऑफच्या आधी, कागदावरच घडते किंवा बिघडते, असं माझं ठाम मत झालं आहे.

सभासदांची नेहमीची तक्रार अशी: "माझा हँडिकॅप चुकलाय हो. दोन महिन्यांत एकदाही तेवढ्यात राउंड झालेला नाही." हँडिकॅप म्हणजे आपल्या खेळाची सरासरी, हा समज खोल रुजलेला आहे. तसं ते नाही. जगातल्या सहा निरनिराळ्या पद्धती एकत्र करून २०२० साली जागतिक हँडिकॅप पद्धत आली. तिच्यात शेवटच्या २० राउंडपैकी सर्वांत चांगल्या ८ राउंडांचीच सरासरी धरतात, उरलेले १२ बाजूला राहतात. तुम्ही एरवी कसे खेळता हे तो आकडा सांगत नाही. चांगल्या दिवशी कुठवर जाऊ शकता, हे सांगतो. चार-पाच राउंडांत एकदा तो गाठलात तर तुमचा हँडिकॅप अगदी ठीक आहे. एखाद्या होलवर पाण्यात तीन चेंडू गेले म्हणून तो बिघडतही नाही, कारण हँडिकॅपच्या हिशेबात प्रत्येक होलला कमाल मर्यादा आहे: पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे शॉट.

मग कोर्सचा स्लोप. प्रमाण धरलेला स्लोप ११३. तुमचा हँडिकॅप इंडेक्स, म्हणजे वर सांगितलेला आकडा, १८ असेल आणि कोर्सचा स्लोप १३० असेल, तर कोर्स रेटिंग आणि पार सारखे धरले, तरी तिथे तुम्हाला २१ शॉट मिळतात. अवघड कोर्सवर पाहुण्याला जास्त शॉट का, याचं उत्तर एवढंच.

हे शॉट अठरा होलांवर कसे वाटले जातात, ते कॅडीइतकं नेमकं कुणालाच माहीत नसतं. शॉट मिळण्याच्या क्रमात तिसरा, म्हणजे स्ट्रोक इंडेक्स ३ असलेला लांब पार-फोर, समोर पाणी, चेंडू रफच्या कडेला. खेळाडूचा हात थ्री-वूडकडे जातो. कॅडी बॅग जरा मागे घेतो आणि हळूच म्हणतो, "साहेब, इथं शॉट आहे आपल्याला. बोगी चालेल." साहेब सात नंबरचं आयर्न घेतात, चेंडू पाण्याच्या अलीकडे ठेवतात, तिसऱ्या शॉटला ग्रीनवर येतात, दोन पटमध्ये संपवतात. पाच शॉट, नेट पार. हँडिकॅप निकालाच्या वेळी वजा करायचा आकडा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा होल बघावा. तो खेळतानाच माणसाचा निर्णय बदलतो.

कच्च्या खेळाडूला शेवटपर्यंत स्पर्धेत कसं ठेवायचं, या प्रश्नाचं माझ्या मते सर्वांत सुंदर उत्तर डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी दिलं. इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबवर समुद्राचा वारा असा असतो, की दुसऱ्या-तिसऱ्या होललाच कार्डाचं वाटोळं व्हावं. लोक कार्ड फाडून टाकत आणि उरलेला दिवस नुसते चालत. पेशानं शल्यविशारद असलेल्या या माणसानं शॉट मोजण्याऐवजी गुण दिले: नेट बोगीला १, पारला २, बर्डीला ३. वाईट होलला शून्य, आणि विषय संपला. १९३२च्या मे महिन्यात तिथे या पद्धतीनं स्पर्धा झाली. आजही क्लबची मासिक स्पर्धा ठरवताना माझं मत स्टेबलफोर्डलाच असतं.

सांघिक स्पर्धांत मात्र खरा कस लागतो, आणि सगळ्यांत जास्त वादही तिथेच होतात. चौघांचा स्क्रॅम्बल घ्या. चौघंही मारतात, सर्वांत चांगला शॉट निवडून पुढचा फटका सगळे तिथूनच. संघात ६, १२, १८ आणि २४ असे चार हँडिकॅप. "आमचे मिळून साठ होतात, आणि आम्हाला नऊच?" हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. हिशेब असा: सर्वांत कमी हँडिकॅपच्या २५ टक्के, मग २०, १५ आणि १० टक्के. म्हणजे दीड, दोन पूर्णांक चार, दोन पूर्णांक सात, दोन पूर्णांक चार. बेरीज बरोबर नऊ. चौघांपैकी एकाचा तरी शॉट बरा लागतोच, म्हणून स्क्रॅम्बलमध्ये वाईट शॉट जवळपास नाहीसे होतात. जे नुकसान झालंच नाही, त्याची भरपाई कशाला द्यायची?

फोरबॉलमध्ये जोडीतले दोघंही आपापला चेंडू खेळतात आणि प्रत्येक होलला दोघांतला चांगला स्कोर धरतात. त्याचं तर्कशास्त्र याहून बारीक आहे. ८चा खेळाडू बहुतेक होलवर पार किंवा बोगी करतो. २४चा एका होलला पार करील आणि पुढच्याला आठ मारील. एकट्यानं खेळताना ते आठ त्याच्या कार्डावर बसतात. फोरबॉलमध्ये पार्टनरचा स्कोर घेतला, की आठ गेले. पार मात्र राहिला, आणि शॉट मिळून त्याची बर्डी झाली. चढउतार ज्याच्या खेळात जास्त, त्याला हा फॉरमॅट जास्त देतो. म्हणून स्ट्रोक प्लेच्या फोरबॉलमध्ये प्रत्येकाला हँडिकॅपच्या ८५ टक्केच मिळतात: ८चे ७ होतात, २४चे २०. एकाचा एक गेला, दुसऱ्याचे चार. हे न्याय्यच आहे. फोरसम्समध्ये मात्र दोघं एकच चेंडू आळीपाळीनं मारतात, तिथे लपायला जागा नाही. दोघांच्या बेरजेच्या निम्मे, म्हणजे १६.

२०२३च्या नियमांपासून कार्डावर हँडिकॅप लिहिण्याची सक्ती खेळाडूवर राहिली नाही. शॉटचा हिशेब समितीनं करायचा. आमचं काम वाढलं, पण ते योग्य झालं. पावसाळ्यातल्या स्थानिक नियमाचंही तसंच. फेअरवेवर चिखल असताना चेंडू उचलून, पुसून ठेवायची मुभा द्यायची, तर ती किती अंतरात आणि कुठे, हे पहिला गट निघण्यापूर्वी फलकावर लागलं पाहिजे. मधेच सर आली म्हणून दुपारी जाहीर केलेला नियम सकाळी खेळलेल्यांवर अन्याय करतो.

आणि या सगळ्या गणिताला एकच गोष्ट उद्ध्वस्त करते: चांगलं कार्ड खिशात ठेवणारा माणूस. वाईट राउंड तेवढे नोंदवायचे, हँडिकॅप फुगवायचा आणि वार्षिक स्पर्धेत ट्रॉफी उचलायची. पद्धतीत बंदोबस्त आहे. वर्षभरातल्या आपल्या नीचांकापेक्षा इंडेक्स ५ हून जास्त चढू शकत नाही, आणि इंडेक्सपेक्षा ७नं सरस खेळ झाला की तो आणखी एकनं कापला जातो. पण न दिलेलं कार्ड कोणतीही पद्धत वाचू शकत नाही. मी याला चोरीच म्हणतो. ती समितीची होत नाही. सकाळी सहाला आपल्याबरोबर चहा घेऊन पहिल्या टीवर आलेल्या जोडीदाराची होते.

स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे: फॉरमॅट, हँडिकॅपची टक्केवारी आणि बरोबरी झाल्यास निकाल कसा लावणार, या तिन्ही गोष्टी प्रवेशिका घेण्यापूर्वी लिहून लावा. खेळणाऱ्यांना दुसरी: राउंड संपला की कार्ड त्याच दिवशी द्या. ९८ झाले असतील तरी द्या, आणि ८१ झाले असतील तर नक्कीच द्या.