माया आवरताना

‘अगबाई, वाघाबिघाला इंजेक्शन द्यायला भीती नाही वाटत?’ हळदीकुंकवाला गेले, की हा प्रश्न ठरलेला. मी वन्यप्राण्यांची डॉक्टर, त्यामुळे विचारणारीचं काही चुकत नाही. पण मैत्रिणींनो, खरं सांगू? इंजेक्शन त्यामानानं सोपं! लांबून औषधाची सुई मारायची, दहा-पंधरा मिनिटं चूप बसायचं. बिबट्याला गुंगी आली, तरी त्याच्या पापण्या मिटत नाहीत. म्हणून डोळ्यांत मलम घालून वर फडकं टाकायचं, श्वास मोजत राहायचं. हे सारं शिकता येतं. मला शिकायला वेळ लागला तो वेगळ्याच गोष्टीला.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरकडे बिबट्याची मादी उसातच विते. दाट पाल्याची सावली, जवळ पाणी. तिला वाटतं हेच रान. मग ऊसतोड सुरू होते आणि सरीत पिल्लं सापडतात.

माझी नोकरी नवी होती तेव्हाची गोष्ट. अशीच दोन पिल्लं सापडली. डोळे नुकते उघडलेले, म्हणजे जेमतेम दहा-बारा दिवसांची. ‘आई टाकून गेली’ असं सगळे म्हणाले आणि मलाही ते पटलं. टोपलीत घालून मी ती घेऊन आले. दर दोन-तीन तासांनी बाटली, पाजून झालं की ओल्या कापसानं खालून पुसणं. आई चाटते तेव्हाच त्यांना लघवी होते ना! एवढं करूनही एक चौथ्या दिवशी जुलाबानं गेलं. दुसरं जगलं. माझं केवढं कौतुक झालं!

पुढं महिन्याभरानं त्या शेताचे मालक भेटले. सहज म्हणाले, ‘त्या रात्री वाघीण बांधावर पहाटेपर्यंत ओरडत फिरत होती.’

काय सांगू, घास घशाखाली उतरेना. ती टाकून गेलीच नव्हती. माणसांच्या गलक्यानं बाजूला झाली होती, इतकंच.

आता आम्ही पिल्लं तपासतो, धडधाकट असली की संध्याकाळी सापडल्या जागीच खोक्यात ठेवतो आणि लांब जाऊन बसतो. अंधार पडला, की बहुतेक वेळा ती येते, एकेकाला मानेला धरून उचलून नेते. पहिल्या रात्री नाही आली, तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवायची.

गावाला हे पटवणं सोपं नसतं. बिबट्यानं माणसंही मारली आहेत, लेकरंसुद्धा. त्या आयांचा राग मला कळतो. एकदा एक ऊसतोड करणारी बाई म्हणाली, ‘बाई, माझंबी लेकरू इथंच निजतंय. ती आली म्हंजी?’ मी म्हटलं, ‘पिल्लं मिळाली तर घेऊन जाईल. नाही मिळाली तर इथंच घुटमळत राहील.’ ती क्षणभर गप्प राहिली. मग आपलं लेकरू काखेला मारून तिनंच बाकीच्यांना हाकललं, ‘चला रं, नेऊ द्या तिची तिला!’

तुमच्या गॅलरीतही बुलबुलाचं पिल्लू पडतं. पिसं फुटली नसतील, तर अलगद घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं असेल, तर ते उडायला शिकत असतं. मांजर तेवढं लांब ठेवा. चोचीत दूध-पाणी मात्र ओतू नका बरं का, ते श्वासनळीत जातं. आणि रानातलं पिल्लू दिसलं, तर न उचलता वनखात्याला कळवा.

माझं ते जगलेलं पिल्लू आता भलंथोरलं झालं आहे. शिकार येत नाही, माणसाची भीती नाही. त्याला सोडणार तरी कुठं? माझी चाहूल लागली, की आजही जाळीला अंग घासत उभं राहतं. बघणारे म्हणतात, ‘किती लळा आहे हो तुमचा!’

मी हसते, आणि त्याचं पाणी बदलते.