पाण्यातून गेलेले कापड

आमच्या घोडेगावाकडे ट्रेलरला 'टेलर' म्हणतात आणि कपडे शिवणाऱ्यालाही 'टेलर'च म्हणतात. त्यामुळे गेल्या भाद्रपदात मी जेव्हा "टेलरचं कापड शिवायचं आहे, चांगला टेलर कोण?" असे चार ठिकाणी विचारले, तेव्हा चारही ठिकाणी लोकांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिले. सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षकाकडे लोक एरवीही काळजीनेच पाहतात. मी त्यांना निमित्त दिले, इतकेच.

खरे म्हणजे हे सगळे माझ्या पुतण्याचे खूळ. तो पुण्यात नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी जुन्या वस्तूंच्या मागे हिंडतो. ज्या वयात आम्ही घरची तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालून स्टीलची घेतली, त्या वयात ही मुले मोडीतली भांडी दुप्पट पैसे मोजून परत आणतात. दोन वर्षांपूर्वी त्याने एक जुनी जीप घेतली. जीप दारात उभी राहिली आणि त्याला आठवण झाली ती आमच्या गोठ्यात पडलेल्या ट्रेलरची.

हा ट्रेलर साधासुधा नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जीपच्या मागे जोडण्यासाठी हे पावटनी ट्रेलर तयार केले. सुमारे सहा फूट लांब, चार फुटांना थोडी कमी रुंद आणि दीड फूट खोल अशी पोलादी पेटी, खाली जीपचीच चाके. पेटी अशी घडवलेली की नदी लागली तर सामानासकट तरंगावी. आत पाणी शिरलेच तर ते सोडून द्यायला तळाला झाकणे. युद्ध संपले, परदेशी सैन्ये निघून गेली आणि मागे राहिलेला असा कितीतरी माल आपल्याकडे लिलावात निघाला. हातोहाती फिरत तो लहान गावांपर्यंत पोहोचला. १९५५ साली माझ्या वडिलांनी पुण्यातल्या एका व्यापाऱ्याकडून एक जीप आणि हा ट्रेलर घेतला.

वडिलांचे दुकान किराणा मालाचे. पण कमाई हिरड्याची. भीमाशंकर-आहुप्याच्या डोंगरात महादेव कोळी लोक हिरडा गोळा करतात, वाळवतात. वडील उन्हाळ्यात जीप घेऊन तिकडे जात आणि ट्रेलरमध्ये पोती घालून मंचरला आणत. झाडे त्यांची, कष्ट त्यांचे आणि तराजू मात्र आमचा, हे मला पुष्कळ उशिरा कळले. वाट घोड नदीच्या काठाने जुन्या आंबेगावावरून जायची. ते आंबेगाव आता डिंभे धरणाच्या पोटात आहे. तालुक्याने त्याचे नाव तेवढे वर ठेवले आहे.

हिरडा कोरडा असेल तरच त्याला मोल. वळवाची एक सर पोत्यांवर पडली की बुरशी आलीच, आणि मग हंगामाचा पैसा गेला. म्हणून त्या ट्रेलरपेक्षाही त्याच्यावरच्या जाड खाकी कापडाची किंमत आमच्या घरात अधिक होती. पाऊस येऊन गेला की वडील दोर सोडीत, कापडाखाली हात घालीत, आतून तो कोरडा बाहेर काढून जमलेल्यांना दाखवीत आणि म्हणत, "मिलिटरीचा माल!" आम्ही भावंडेही मागून ओरडत असू, "मिलिटरीचा माल!" १९७७ साली जीप विकली तोवर, म्हणजे बावीस पावसाळे, हे चालले होते. मग कापड माळ्यावर गेले आणि ट्रेलर गोठ्यात.

पुतण्याने ठरवले की, यंदाच्या दसऱ्याला जीप आणि ट्रेलर जोडून दारात पूजा करायची. गंज खरवडला, रंग दिला, चाके बसवली. राहिले ते कापड. मी माळ्यावरून जुने कापड खाली काढले. उंदरांनी दोन ठिकाणी खिडक्या केल्या होत्या. पुतण्याने ते उलगडले आणि लगेच मिटले.

"काका, ही नुसती ठिगळं आहेत. राहू द्या."

त्याच्याजवळ मिलिटरीच्या पुस्तिकेतली मापे होती. आम्ही पुण्याला बोहरी आळीत जाऊन जाड सुती कॅनव्हास घेतला, अगदी मापात. किंमत ऐकल्यावर वीतभरही जास्त घ्यावासा वाटला नाही. आणि टेलर शोधत शोधत नारायणगावला पोहोचलो.

नारायणगाव म्हटले की विठाबाईंचे नाव आठवते, तमाशा आठवतो. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. फड आले की तंबू आले, कनाती आल्या. आणि कनात आली की ती फाटणेही आलेच. आम्हाला भेटलेल्या गृहस्थांचे आयुष्य या कनाती शिवण्यात गेले होते. ते मला 'गुरुजी' म्हणू लागले आणि मी त्यांना 'मास्तर'. मी जन्मभर मास्तरकी करून गुरुजी झालो, ते जन्मभर शिवण घालून मास्तर झाले. हिशेब बरोबरीतच सुटला.

मास्तरांनी कापड दोन बोटांत चोळले, नाकाशी नेले आणि खाली ठेवले.

"गुरुजी, कापड कोरं हाय. अजून खळ हाय त्यात. एक रात भिजू द्या, वाळू द्या, मग कापू."

पुतण्याला रविवारी पुण्याला परतायचे होते. त्याने माझ्याकडे पाहिले. ज्या विषयातले आपल्याला काही कळत नाही त्यावर ठाम बोलायची सवय चाळीस वर्षांच्या शिक्षकीने लागतेच. मी म्हणालो, "चांगल्या गिरणीचं आहे मास्तर. आटायचं नाही."

मास्तर एकदाच सांगणाऱ्यांपैकी होते. त्यांनी कात्री उचलली.

ते शिवत असताना मी दोन दिवस शेजारी बसून होतो. पुतण्याने नायलॉनचा दोरा आणला होता. तो त्यांनी बाजूला ठेवला आणि सुती दोरा मेणावरून ओढून घेतला. सुती दोरा पाण्याने फुगतो आणि सुईने पाडलेले भोक स्वतःच बुजवतो. नायलॉन फुगत नाही, भोक उघडेच राहते. दोन पट्ट्या जोडताना त्यांनी दोन्ही काठ एकमेकांत मोडून घातले आणि वरून दोन टाके चालवले. मोड कोणत्या बाजूला पडते हे ते दर वेळी पाहत. घराची कौले जशी उताराकडे एकावर एक येतात, तशी शिवणही उताराकडेच मिटली पाहिजे; नाहीतर तिच्यात पाणी अडकून राहते. कोपऱ्यांना आतून दुहेरी कापड दिले, काठाला पितळी रिंगा ठोकल्या. कापड ट्रेलरवर चढवले तेव्हा ते ढोलाच्या पानासारखे ताठ बसले. पुतण्याने फोटो काढले.

मग त्याने परीक्षेसाठी नळी लावून त्याच्यावर अर्धा तास पाणी सोडले.

दुसऱ्या दिवशी कापड वाळले, आणि आटले. लांबीत चांगले तीन इंच. पुढचा काठ दोराने बांधला की मागच्या रिंगा कड्यांपर्यंत पोहोचत नव्हत्या. मागच्या बाजूला, ओठ पुरेसे मिटू नयेत तशी, फट राहिली होती. दसरा चार दिवसांवर. नवे कापड वीतभरही उरलेले नाही, आणि नवे आणून जोडावे तर तेही आटणार.

मी नारायणगावला फोन केला. मास्तरांनी एवढेच विचारले, "बसलं का कापड?" आणि माझा शब्द फुटेना तेव्हा म्हणाले, "जुनं कापड हाय का घरात? ते घेऊन या."

जुने कापड मास्तरांनी ओटीवर पालथे घातले. वरची बाजू आम्ही जन्मभर पाहिली होती. आतली बाजू कोणीच पाहिली नव्हती. मास्तर चष्मा लावून तिच्यावरून हात फिरवू लागले, मी वह्या तपासत असे तसे.

"हे मिलिटरीचं," ते म्हणाले आणि मधला एक चौकोन दाखवला. थोड्या वेळाने आणखी एक. "अन् हे. बस."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं घरचं हाय, गुरुजी."

बाजाराच्या पालाचे कापड, दुहेरी केलेला मांजरपाट, कुठेतरी दप्तराचा तुकडा. काठ झिजला तेव्हा चारही बाजूंनी पट्टी घालून नवा काठ केलेला. सारी शिवण हातची. मिलिटरीचा माल एक तृतीयांशसुद्धा उरलेला नव्हता.

"पण रंग तर सगळीकडे एकच आहे," पुतण्या म्हणाला.

मास्तरांनी ठिगळाला नाक लावले. "हिरडा. हिरड्याच्या पाण्यात कापड उकळलंय, अन् त्यात गंजकं लोखंड टाकलंय. त्यानं रंग असा मातकट येतो." मग ते जरा थांबले. "पण रंगासाठी नाही केलेलं हे. कोरं ठिगळ जुन्या कापडाला लावलं, तर पहिल्या पावसात ठिगळ आकसतं अन् जुन्याला फाडतं. हिनं आधी उकळून आटवून घेतलंय. अन् तुरटपणामुळं बुरशीबी धरत नाही. ज्या कुणी केलंय तिला कापड कळत होतं."

कोकणातले कोळी जाळी झाडाच्या सालीच्या पाण्यात उकळून घेत, ते याचसाठी. हे मी मुलांना भूगोलाच्या तासाला शिकवले होते. आमच्या चुलीवर तेच चालले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मला एकदम ते चामडे आठवले. स्वयंपाकघरात खुंटीला वडिलांच्या जुन्या वहाणेचा एक तुकडा टांगलेला असे, दोन टोकांना नाडी बांधलेला. आम्ही भावंडे त्याला भीत असू; आमची समजूत, तो आमच्यासाठी आहे. आईने तो कधी आमच्यावर उगारला नाही, म्हणून ती आम्हाला फार मायाळू वाटे. तो तळहाताला बांधून दाभण कॅनव्हासमधून रेटायचा असतो, हे त्या ओटीवर बसल्यावर माझ्या लक्षात आले.

आणखीही एक आठवले, जे आठवले नसते तर बरे झाले असते. मी दहा वर्षांचा असेन. आईने वडिलांकडे शिवणाचे यंत्र मागितले होते. माझ्या आठवणीत तिने मागितलेली ती एकच वस्तू. वडील रागावले नाहीत, ते हसले. "घरात शिवायला आहे तरी काय?" म्हणाले. त्या दिवशीही बाहेर ट्रेलर उभा असेल आणि त्याच्यावर ते कापड असेल. आई आत निघून गेली. पुढच्या पावसानंतर वडिलांनी कोरडा हात दाखवला तेव्हा तिने दारातून पाहिले असेल, आणि आम्ही ओरडलो ते ऐकलेही असेल. ती कधी काही बोलली नाही. आता दोघेही नाहीत, आणि ती चूक दुरुस्त करण्यासाठी कोणाकडे अर्ज करायचा हे मला ठाऊक नाही.

मास्तरांनी जुन्या कापडाचा मागचा काठ, आईने घातलेली ती पट्टी, सबंधच्या सबंध उसवून काढली.

"ही जोडू. ही आता आटायची नाही. हिचं काय आटायचं ते आटून झालंय."

त्यांनी ती नव्या कापडाला जोडली, तीच दुहेरी मोड, तोच मेणाचा दोरा, आणि तिच्यात नव्या रिंगा ठोकल्या. यंत्र चालवताना मध्येच थांबून म्हणाले, "बाईंचा टाका राहू देतो हितं. माझ्या टाक्याच्या आड येत नाही." शिवणीचे पैसे घेतले, पट्टी जोडल्याचे घेतले नाहीत.

दसऱ्याला दारात जीप आणि ट्रेलर उभे राहिले. झेंडूच्या माळा घातल्या, गावातले लोक आले. दुपारी परतीच्या पावसाने गाठले. तासभर पडला आणि गेला. पुतण्याने मागचा दोर सोडला, कापडाखाली हात घातला आणि कोरडा हात बाहेर काढला. आजोबांना त्याने कधी तसे करताना पाहिलेले नव्हते. हात तो तसाच धरून उभा राहिला.

कोणीतरी विचारले, "मिलिटरीचं कापड वाटतं?"

इतक्या वर्षांच्या सवयीने ते दोन शब्द माझ्या ओठांवर आलेच होते. ते मी गिळले. पुतण्या म्हणाला, "मधलं पुण्याचं आहे. हा काठ आजीचा."

लोक पेढे घ्यायला आत गेले. मी मागे जाऊन काठाला हात लावला. भिजून तो थोडा काळपट झाला होता आणि हिरड्याचा तो ओळखीचा तुरट वास सुटला होता. मधले नवे कापड पाण्याने ताणले गेले होते. काठ जागचा हलला नव्हता.