ठसक्याचे गाव

दोंडाईच्याला समुद्र नाही. तरीही बंदराचे गाव जसे येणाऱ्या-जाणाऱ्या मालावरून ओळखावे, तसे हे गाव मिरचीवरून ओळखले जाते. ही मिरचीही मूळची समुद्रापलीकडची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि पुढे तापीकाठच्या काळ्या जमिनीत अशी रुजली, की ती कधी परकी होती हे आमच्या गावात सांगूनही कोणास पटू नये. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील स्थानक, अमरावती नदी, रावलांची गढी, मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना, या गावाच्या खुणा खऱ्या. परंतु हंगामात आलेल्या पाहुण्याला गाव आल्याचे आधी त्याचे नाक सांगते.

दिवाळीच्या सुमारास मोकळ्या जागांवर पथाऱ्या पडतात. ओली लाल मिरची उन्हात पसरलेली असते आणि कडेला बाया देठ खुडीत बसलेल्या असतात. पदराचा शेव नाकावर ओढलेला. त्या सैल पदरातून बारीक धूळ खुशाल आत जाते. नाकावर घट्ट बसणारा मास्क त्याहून पुष्कळ बरा. हातांची आग पाण्याने शमत नाही, कारण मिरचीतील तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून आधी तेल चोळावे, मग साबण लावावा. हेच द्रव्य श्वासनलिकेतील उष्णता जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते आणि ठसका लागतो.

खरी अडचण त्या ठसक्याच्या सवयीची आहे. खोकला कसला, असे विचारले तर ठरलेले उत्तर येते, ‘‘डाक्टरसाब, मिरचीना ठसका शे.’’ बहुतेकदा ते खरेही असते. पण मिरचीचा ठसका धुळीत लागतो आणि धुळीतून दूर गेल्यावर ओसरतो. रात्री किंवा पहाटे छातीत सूं-सूं आवाज येऊन धाप लागते, तेव्हा दम्याचा विचार करावा लागतो. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, उतरत चाललेले वजन, बेडक्यात रक्त, यांपैकी काहीही असेल तर क्षयाची तपासणी टाळता कामा नये. नुसता लांबलेला खोकलाही त्यासाठी पुरेसे कारण आहे. सरकारी रुग्णालयात ही तपासणी आणि औषधे मोफत मिळतात; साध्या क्षयाला साधारण सहा महिने नियमित औषध घेतले की तो बरा होतो. उशीर झाला तर मात्र घरातील लेकरांनाही त्याची बाधा होऊ शकते.

मजुरी बुडेल म्हणून तपासणी लांबते, हे समजू शकते. पण मार्गशीर्षात आणखी एक कारण येते. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार लागतो. गाड्या भरभरून माणसे तापीकाठी जातात. ‘‘यात्रा होऊ द्या, मग बघू,’’ असे म्हणत खोकणारी आजी उठू लागते. मी तिला पुन्हा बसवतो. बेडक्याचा नमुना आज द्यायचा आहे. यात्रेला अजून चार दिवस आहेत.