शून्याला वाजलेल्या टाळ्या

महिन्याच्या क्वालिटी मीटिंगमध्ये आमच्या वॉर्डाच्या नावापुढे ‘औषधांच्या चुका : शून्य’ असं पडद्यावर झळकलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इन्चार्ज सिस्टर म्हणून मी पुढच्याच रांगेत होते. तिथून उठून जावंसं वाटलं. ते शून्य कसं आलं, हे त्या खोलीतल्या प्रत्येक सिस्टरला ठाऊक होतं.

खाजगी रुग्णालय, मेडिसिन वॉर्ड, तीस खाटा आणि रात्रपाळीला दोन सिस्टर. ज्यांनी अशा रात्री काढल्यात त्यांना पुढचं सांगायला नको.

नांदेडकडची एक मुलगी जीएनएम होऊन नुकतीच आमच्याकडे लागली होती. पहाटेच्या अँटिबायोटिकआधी एका आजोबांची लाइन फ्लश करायची म्हणून तिने ट्रेमधून 10 मिलीची प्लॅस्टिकची अँप्युल घेतली आणि सिरिंज भरली. खाटेपाशी गेल्यावर, सिरिंज जोडण्याआधी, तिने अँप्युलवरचं नाव पुन्हा वाचलं. ते नॉर्मल सलाईन नव्हतं, पोटॅशियम क्लोराइड होतं. हे औषध कायम बाटलीत मिसळून, सावकाश द्यायचं असतं. साध्या वॉर्डात तासाला 10 मिलिइक्विव्हॅलंटच्या वर सहसा जात नाहीत. त्या एका अँप्युलमध्ये 20 होते. सरळ शिरेत गेले असते तर आजोबांचं हृदय तिथल्या तिथे थांबलं असतं.

आजोबा झोपलेले होते. दुसरी सिस्टर वॉर्डाच्या त्या टोकाला होती. सिरिंज सिंकमध्ये रिकामी केली असती तर कुणालाही, कधीही कळलं नसतं. या मुलीने ती सिरिंज लेबल लावून बाजूला ठेवली, इन्सिडेंट फॉर्म भरला आणि सकाळी हँडओव्हरच्या वेळी माझ्या हातात दिला. ‘पुन्हा होऊ नये म्हणून’ या शेवटच्या रकान्यात तिने लिहिलं होतं : नव्या कंपनीचा माल आल्यापासून दोन्ही अँप्युल सारख्याच दिसतात, एकाच ट्रेमध्ये असतात; पोटॅशियम वेगळं, कुलपात ठेवावं.

त्यावर तिला मेमो मिळाला.

चौकशीत मी तिच्या शेजारी बसले होते. पहिला प्रश्न होता, ‘तुम्हाला वाचता येत नाही का?’ ती म्हणाली, ‘सर, वाचलं म्हणूनच थांबले.’ हे कुणी लिहून घेतलं नाही. कंपनी बदलताना खरेदी विभागाने नव्या अँप्युल जुन्यांशेजारी ठेवून पाहिल्या का, हे कुणी विचारलं नाही. ट्रे कुणी भरला, पोटॅशियम वॉर्डात उघड्यावर का होतं, तीस खाटांना दोनच सिस्टर का, यातलं काहीच निघालं नाही. मी फॉर्म पुढे सरकवून शेवटचा रकाना दाखवला. ‘ते नंतर बघू’, असं उत्तर आलं. तिचा तीन दिवसांचा पगार कापला, वार्षिक वाढ रोखली आणि सगळ्या स्टाफसमोर तिचं नाव वाचून दाखवलं. मान खाली घालून ती उभी होती. एक माणूस वाचवलेली मुलगी! माझा संताप अजून शमलेला नाही.

पुढच्या महिन्यापासून फॉर्म यायचे बंद झाले. कपडे बदलायच्या खोलीत एक जुनी सिस्टर मला म्हणाली, ‘ताई, फॉर्म भरून मेमो कोण घेणार?’ माझ्यापाशी उत्तर नव्हतं. चुका थांबल्या नव्हत्या, आम्हाला दिसायच्या थांबल्या होत्या. त्यांनाच शून्य म्हणून टाळ्या मिळाल्या.

1990च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधिकेने अमेरिकेत रुग्णालयांतल्या नर्सिंग टीम अभ्यासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील, अशी त्यांची अटकळ होती. आकडे उलटे निघाले, चांगल्या टीममध्येच चुकांची नोंद जास्त. तिथल्या सिस्टर बोलायला घाबरत नव्हत्या, हे त्यामागचं कारण त्यांना पुढे उमगलं. विमानवाल्यांनी तर हा धडा रक्त सांडून घेतला. 1 डिसेंबर 1974ला वॉशिंग्टनजवळ डोंगरावर विमान आदळून 92 जण गेले. उतरण्याच्या सूचनांचा तोच चुकीचा अर्थ काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांनीही लावला होता. ते थोडक्यात बचावले, पण ती गोष्ट त्यांच्याच कंपनीत राहिली. त्यानंतर 1976मध्ये अशा चुका सांगण्यासाठी वेगळी व्यवस्था उभी राहिली. ती चालवायला दिली नासाकडे, कारण शिक्षा करणाऱ्या खात्याला कोण मोकळेपणाने सांगणार? सांगणाऱ्याचं नाव तिथे उघड होत नाही.

दारू पिऊन ड्यूटीवर येणाऱ्याला माफ करा, असं मी म्हणत नाही. त्याला घरीच पाठवावं. पण दमलेल्या, भल्या माणसाच्या हातून काय निसटलं ते त्याच्याच तोंडून कळतं, आणि ते तोंड बंद करून रुग्णालय सुधारत नाही.

एवढं ठामपणे लिहिते आहे, तर पुढचंही लिहायला हवं. गेल्या वर्षी माझे वडील भावाच्या गावी एका रुग्णालयात होते. तिथे त्यांना इन्सुलिन दोनदा दिलं गेलं. पहिल्या सिस्टरने दिल्याची नोंद केली नव्हती. साखर चाळीसवर आली, अंगाला दरदरून घाम फुटला, बोलणं अडखळायला लागलं. ग्लुकोज दिल्यावर ते सावरले. मी तिथल्या मेट्रनसमोर उभी राहून नाव मागितलं, त्या मुलीला आजच्या आज काढा म्हणाले. हँडओव्हर कसा होतो, नोंदवही कुठे असते, यातलं काही मला सुचलं नाही. तो राग चुकीचा होता, असं मला आजही म्हणवत नाही. बाप माझा होता. रुग्णाच्या नातेवाइकाला ‘व्यवस्थेचा दोष’ हे शब्द किती पोकळ वाटतात, ते त्या दिवशी कळलं. या दोन्ही गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

आमच्याकडे पोटॅशियम आता कुलूपबंद कपाटात, लाल लेबल लावून ठेवतात आणि काढताना दोन सिस्टरच्या सह्या लागतात. परिपत्रकात ही सूचना कुणाची होती याचा उल्लेख नाही. त्या मुलीच्या फाइलमधला मेमो रद्द करावा, असा लेखी अर्ज मी दिला आहे. त्याला उत्तर आलेलं नाही.