मधल्या दिवसांचे दुखणे

गेल्या पौषातील एका रविवारी माझी भाचेसून अडाजणहून आमच्याकडे आली होती. येताना पोंक आणि लिंबूमरीची शेव घेऊन आली. जेवणे झाल्यावर ओटा पुसता पुसता ती एकदम वाकली, उजव्या हाताने ओटीपोट दाबून धरले आणि क्षणभराने सरळ होऊन म्हणाली, “काही नाही मामी, महिन्याच्या मध्ये एकदा होतं असं. आज विसावा दिवस.” माझ्या हातातले पातेले तसेच राहिले. लग्नाला तीन वर्षे झालेली मुलगी दिवस का मोजते, हे मला कोणी समजावून सांगायला नको होते. विसावा दिवस तर माझ्या चांगल्याच ओळखीचा होता.

मंडळाच्या या अंकासाठी मी खरे म्हणजे नानपुऱ्यातील जुन्या मराठी बिऱ्हाडांवर लिहायचे कबूल केले होते. तो लेख पुढे कधीतरी लिहीन. हा विषय आपल्या पानांवर थोडा अवघड वाटेल, याची मला कल्पना आहे. ज्येष्ठ वाचकांनी सांभाळून घ्यावे.

माझे लग्न १९८३ साली झाले. मी महसूल खात्यात कारकून होते आणि हे पाटबंधारे खात्यात होते. १९८६ मध्ये यांची बदली नर्मदा योजनेवर, केवडिया कॉलनीला झाली. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी धरून हे राजपिपळा, अंकलेश्वर करीत एस.टी.ने सुरतेला येत. महिन्यातून चार दिवसांचा आमचा संसार. घरात सासूबाई, एक धाकटी नणंद, आणि भिंतीवर दादरच्या भावाने दरवर्षी न चुकता पाठविलेले ‘कालनिर्णय’. त्या कालनिर्णयावर मी पेन्सिलीने बारीक ठिपके देत असे. सासूबाईंना वाटे, सून दुधाचा हिशेब ठेवते.

पाळीच्या पहिल्या दिवशी एक ठिपका आणि जेव्हा ते दुखणे येई तेव्हा दुसरा. दुखणे कधी डाव्या बाजूला, बहुतेकदा उजव्या. प्रथम सुई टोचावी तशी कळ, मग तीन-चार तास एक जडसा ठणका, आणि दुसऱ्या दिवशी काही नाही. सासूबाई त्याला वायू म्हणत आणि ओवा देत. शेरीतील गुजराती शेजारीण म्हणे, नजर लागली. उजव्या बाजूच्या कळेवरून एका डॉक्टरांनी अपेंडिक्सचा संशय घेतला आणि शस्त्रक्रियेची तारीखही दिली. ठरलेल्या दिवसाच्या आत दुखणे साफ थांबले, म्हणून मी वाचले. कोणीही एक साधा प्रश्न विचारला नाही की, बाई, हे पाळीच्या कितव्या दिवशी होते?

तो प्रश्न मला विचारला एका वृद्ध डॉक्टरीणबाईंनी. नातेवाइकाच्या प्रसूतीसाठी मी त्यांच्याकडे गेले होते. बोलता बोलता दुखण्याचे निघाले, तेव्हा मी माझा ठिपक्यांचा हिशेब सांगितला. त्या हसल्या. म्हणाल्या, “जर्मन लोक याला मित्तलश्मेर्झ म्हणतात, म्हणजे मधलं दुखणं. तुमचं स्त्रीबीज बाहेर पडतंय.” बीज ज्या पिशवीत वाढते ती पिकत पिकत दोन सेंटिमीटरच्या आसपास फुगते, बीजांडकोशाच्या पृष्ठभागाला ताण देते आणि फुटते. तिच्यातील द्राव, कधी थोडे रक्त, पोटाच्या आतल्या नाजूक अस्तराला लागते. कळ येते ती यामुळे असावी. पुष्कळ स्त्रियांना हे मुळीच जाणवत नाही, काहींना दर महिन्याला जाणवते. ज्या दिवशी हे ऐकले त्या दिवशी नानपुऱ्यापर्यंत मी पायी आले. जे दुखणे मी कमीपणा म्हणून लपवीत होते, ते माझ्या शरीराचे काम वेळेवर चालल्याची खूण निघाले.

फक्त वेळ वेगळी होती. सर्वांचे गणित चौदाव्या दिवसाचे. घरात सासूबाईंचे शास्त्र होते की ऋतू सोळा रात्रींचा, पहिल्या चार वर्ज्य, सम रात्री पुत्राच्या. मनुस्मृतीत हे असेच आहे. माझी पाळी मात्र चौतीस दिवसांची. जपानमधील ओगिनो आणि ऑस्ट्रियातील क्नाउस या दोघांनी १९२०च्या दशकात स्वतंत्रपणे दाखवून दिले की बीज बाहेर पडण्याचा दिवस पुढून नव्हे, मागून मोजावा. येणाऱ्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी. अठ्ठावीस दिवसांच्या स्त्रीला दोन्ही बाजूंनी चौदाच येतात, म्हणून घोटाळा लक्षात येत नाही. चौतिसातून चौदा गेले, वीस उरले. सासूबाईंच्या सोळाही रात्री संपून गेल्यावर माझे बीज निघत होते. पुढे आयुष्यभर हिशेबाचे कागद तपासले, पण इतकी साधी वजाबाकी इतक्या उशिरा समजल्याची खंत दुसऱ्या कुठल्या कागदाने दिली नाही.

याच सुमारास सासऱ्यांच्या पेटीत र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’चे काही जुने अंक सापडले. सासरे मुंबईत असताना घेत असावेत. सासूबाईंना ते काय आहे हे ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असून त्यांनी पेटी उघडली नव्हती. कर्वे विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत हे मासिक चालविले आणि त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले. मूल नको असलेल्यांसाठी त्यांनी लिहिले आणि मी मूल हवे म्हणून वाचत होते. पण शरीराच्या गोष्टी मराठीत, खाली मान न घालता लिहिता येतात, हे मला त्या पिवळ्या पानांवर प्रथम दिसले.

आता हातात खूण आली होती आणि यजमान केवडियाला. दुखणे काही दुसरा-चौथा शनिवार पाहून येत नसे. मग आम्ही एक सांकेतिक वाक्य ठरविले. कळ आली की मी तारऑफिसात जाऊन केवडियाच्या कचेरीत ट्रंक कॉल लावायचा आणि निरोप द्यायचा, “घरमालक भाड्याचं बोलायला आले आहेत, यांना पाठवा.” हे कॅज्युअल रजेचा अर्ज देत, कारण ‘घरगुती’, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने निघत. रात्री दहापर्यंत घरी. वर्षभराने तिथल्या हेडक्लार्कने यांना सहानुभूतीने सांगितले म्हणे, “साहेब, घर बदला. हा मालक दर महिन्याला छळतो.” आम्ही दोघे त्यावर पोट धरून हसलो होतो. हसण्यासारखे त्या वर्षांत फार नव्हते, म्हणून ते लक्षात राहिले.

माझ्या टेबलावर तेव्हा आणखी एक काम होते. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे लक्ष्यांक तलाठी आणि शिक्षक यांनाही वाटून दिलेले असत. कोणी किती केसेस आणल्या याचा मासिक तक्ता मी करीत असे. ही लक्ष्यांकांची पद्धत देशभरातून १९९६ साली गेली. वर लाल त्रिकोण, खाली माझ्या अक्षरातले आकडे. एका तलाठ्याने भोळेपणाने विचारले होते, “बेन, तुमच्या घरातली केस कोणाच्या खात्यात टाकायची?” मी रकान्यातली बेरीज पुन्हा तपासू लागले.

डोहाळजेवणांना मला बोलावणे असे, पण ओटी भरायच्या वेळी कोणीतरी हळूच म्हणे, “तू जरा पन्हं बघतेस का?” मी बघत असे.

तीन वर्षे घरमालक भाडे मागत राहिला. काही झाले नाही. का झाले नाही याचा एक भाग मला फार पुढे समजला, तो इथे सांगितलाच पाहिजे. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर बारा ते चोवीस तासच टिकते. पुरुषबीज मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकते. ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२१ स्त्रियांची निरीक्षणे करून १९९५ साली प्रसिद्ध केले की गर्भ राहण्याचे दिवस सहाच, आणि त्यातला शेवटचा दिवस बीज सुटण्याचा. म्हणजे माझे दुखणे येई तेव्हा ते दिवस संपत आलेले असत. हे रात्री दहाला पोचत तोवर संपलेले. कळ येण्याची वाट पाहण्याऐवजी पंधराव्या दिवसापासून हे घरी असते तर काही अर्थ होता. सकाळी अंगाचा ताप मोजण्याचीही तीच गत. पारा अर्ध्या अंशाच्या आतबाहेर चढतो खरा, पण बीज सुटून गेल्यावर. ज्या खुणेचा मला इतका अभिमान वाटला होता, ती निघून गेलेल्या गाडीची शिट्टी होती.

१९९१ मध्ये यांची बदली सुरतेला झाली. आता रोज घरी. तरी दोन वर्षे गेली. माझा नळ्यांचा एक्स-रे झाला, निर्दोष निघाला. यांची तपासणी करावी असे कोणी सुचविले की सासूबाई पाणी आणायला उठत. शेवटी हे स्वतःच, मला न सांगता, बडोद्याला कामासाठी गेले असताना तपासून आले. संध्याकाळी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “दुखणं तुझ्याकडे आणि दोष माझ्याकडे. आईला मी सांगतो.” आणि सांगितले. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. पुरुषाची तपासणी सर्वांत सोपी आणि स्वस्त, पण आपल्या घरांत ती सर्वांत शेवटी होते. आमच्याकडे दहा वर्षांनी झाली.

मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षाचा जन्म झाला, त्याचे कात्रण भावाने तेव्हाच पाठविले होते. त्या कात्रणाच्या आधारावर आम्ही मुंबईच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. ती होती १९९४च्या सप्टेंबरच्या अखेरीची. त्याच महिन्यात सुरतेत प्लेग आला. लाखो माणसे गाव सोडून गेली. टेट्रासायक्लिनसाठी रांगा लागल्या. महसूल खात्यातल्या कोणालाही गाव सोडता येणार नव्हते, आणि सुरतेहून येणाऱ्याला बाहेर कोणी दारात उभे करीत नव्हते. ती वेळ चुकली. नंतर पुन्हा वेळ घेण्याचे आम्ही बोललो नाही. मी पस्तिशीची झाले होते. कमी बीजसंख्येसाठी एकेक पुरुषबीज थेट स्त्रीबीजात सोडण्याची रीत ब्रुसेल्समध्ये नुकतीच, १९९२ साली यशस्वी झाली होती. ती आपल्याकडे रुळेपर्यंत आम्ही त्या वाटेवरून परतलो होतो. दुखणे मात्र पुढे बारा-तेरा वर्षे इमानाने येत राहिले. पाळी गेली तेव्हाच गेले.

हे सगळे मी त्या रविवारी भाचेसुनेला सांगितले नाही. तिच्या फोनमध्ये दिवस मोजणारे काहीतरी आहे, ते तिला चौदावा दिवस दाखविते. मी कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या जागेवर तिच्या पाळीच्या तारखा लिहून वजाबाकी करून दाखविली. लघवीच्या पट्टीने बीज सुटण्याच्या दीड दिवस आधी कळते, ती आणायला सांगितली. कळ दोन दिवसांहून जास्त टिकली, ताप आला किंवा पाळीतही असह्य दुखू लागले तर ते मधले दुखणे समजू नकोस, असेही सांगितले. वर्ष उलटून गेल्यावर वाट पाहायची नसते, पस्तिशी ओलांडली असेल तर सहाच महिने. तुमची तीन झाली. तिने सगळे फोनमध्ये टिपून घेतले. मग हळूच विचारले, “मामी, हे घरी सांगू का? आई म्हणतात, दोरा बांधून ये.”

मी काही बोलण्याआधी गॅलरीतून, वर्तमानपत्राच्या आडून आवाज आला. मला वाटले होते हे झोपले आहेत.

“दोरा खुशाल बांध. पण आमच्या भाच्याला सांग, मामांनी बोलावलंय. सोमवारी सकाळी. मी बरोबर जाईन त्याच्या.”

आणि वर्तमानपत्राचे पान उलटले.