मृगरूपाचे शासन

ग्रीक पुराणकथांत देव पशुरूप घेतो तेव्हा ते रूप बहुधा सोंग असते. देवराज झ्यूस फिनिशियाच्या किनाऱ्यावर शुभ्र, सौम्य वृषभ होऊन राजकन्या युरोपाजवळ येतो, ती विश्वासाने त्याच्या पाठीवर बसते आणि तो तिला समुद्रापार क्रीट बेटावर पळवून नेतो. लीडा राणीला तो हंस होऊन गाठतो. रोमन कवी ऑव्हिड याने आपल्या रूपांतरकथांच्या महाकाव्यात या कपटांचा पाढा अराक्नी नावाच्या विणकर मुलीकडून वाचून घेतला आहे. ती मागावर देवांचे अपराध विणते, त्या विणकामात देवी अथीनाला काही खोट काढता येत नाही, तरी ती वस्त्र फाडून टाकते आणि अखेर अराक्नीचा कोळी होतो. अपराधी देव पशुरूप टाकून मोकळा होतो. अपराध दाखवणारीच्या वाट्याला मात्र ते कायमचे येते.

भारतीय परंपरा या बाबतीत निष्कलंक नाही. ऋग्वेदाशी निगडित यज्ञविवेचनाच्या ऐतरेय ब्राह्मण या ग्रंथात प्रजापती स्वतःच्याच कन्येमागे लागतो, ती हरिणी झालेली असते म्हणून तोही हरीण होतो. पण येथे देव डोळेझाक करत नाहीत. प्रजापतीला शासन करील असा कोणी आपल्यात नाही हे कळताच ते आपापली अत्यंत घोर रूपे एकत्र आणून एक नवाच देव घडवतात आणि तो, म्हणजे रुद्र, त्या मृगाला बाणाने विंधतो. आकाशातील मृग, व्याध आणि रोहिणी ही याच पाठलागाची पात्रे असून मृगातील एका रेषेतले तीन तारे हा तो बाण होय. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’ ग्रंथात वेदकाळ ठरवताना या कथेचा आधार घेतला. कन्येचे म्हणणे ग्रंथात कोठेच येत नाही, ही उणीव लहान नव्हे.

घोर रूपांतून घडलेला देव कसा दिसेल, याची कल्पना यावी अशी एक मूर्ती रायपूरच्या उत्तरेस, मनियारी नदीकाठच्या ताला गावी आहे. देवराणी-जेठाणी मंदिरांच्या परिसरात १९८७-८८ च्या उत्खननात सापडलेली आणि रुद्रशिव म्हणून ओळखली जाणारी ही मूर्ती साधारण सहाव्या शतकातील मानली जाते. पुरुषाहून कितीतरी उंच अशा या देहावर नागांचे पागोटे आहे, नाकाच्या जागी सरड्यासारखा प्राणी, मिशांच्या जागी मासे, हनुवटीवर खेकडा, कानांपाशी मोर आणि गुडघ्यांवर सिंहमुखे आहेत, शिवाय छाती, पोट व मांड्यांवर माणसांचे चेहरेही आहेत. शिल्पकाराच्या मनात प्रजापतीचीच कथा होती असे सिद्ध करता येत नाही. परंतु झ्यूसच्या वृषभाने जे लपवले, त्याच्या नेमके उलट येथे घडले आहे, कारण हे प्राणी देवाला झाकत नाहीत, त्यांच्याच अंगांनी तो उभा राहतो. रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्याने वाट थोडी वाकडी करून ताल्याला अवश्य जावे. ही मूर्ती आजही तिथेच आहे.