दोन स्टेशनांपलीकडे

सप्टेंबर २०२२ ची गोष्ट. इराणमध्ये महसा अमिनी ही मुलगी पोलिसांच्या ताब्यात असताना गेली आणि तिथल्या बायका-मुली रस्त्यावर उतरल्या. आमच्या टीममध्ये बर्लिनहून काम करणारी एक इराणी सहकारी आहे. तिची आई शिराजला असते. तिनं मला तिथल्या एका मोर्चाचा फोटो पाठवला. मी भारावून गेलो आणि तो थेट ऑफिसच्या मोठ्या ग्रुपवर टाकला. वर दोन ओळीही लिहिल्या, हे जगानं बघितलं पाहिजे वगैरे.

पाच मिनिटांत तिचा फोन आला. "आधी काढ तो. त्यात माझ्या मावसबहिणीचा चेहरा दिसतोय." मी काढला. माफी मागितली. ती चिडली नाही, पण फोन ठेवताना म्हणाली, "तुझ्या दारात कुणी येणार नाही. तिच्या दारात येतील."

हे वाक्य डोक्यातून जाईना. बाहेरच्या माणसानं दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी काही करायचंच नाही का? मी लोंढ्याचा. हा प्रश्न आमच्या गावाला नवा नाही.

आमचे आज्जा लोंढा जंक्शनवर रेल्वेत खलाशी होते. लोंढ्यानंतर तिनईघाट, मग कॅसलरॉक, आणि त्यापुढं सालाझारचं राज्य. म्हणजे हुकूमशाही आमच्यापासून दोन स्टेशनांवर होती! पलीकडं सभा घ्यायला बंदी, वर्तमानपत्रावर सेन्सॉर. लग्नपत्रिका छापायची तरी परवानगी लागायची. आज्जा सांगायचे, तिकडून येणारी माणसं गाडीतून उतरली की पहिल्यांदा मोठ्यानं बोलायची. कशावरही. पावसावर, चहावर.

डॉ. राममनोहर लोहिया १९४६ च्या जूनमध्ये गोव्यात गेले ते खरं तर विश्रांतीसाठी. बर्लिनमधल्या विद्यार्थिदशेतले मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या असोळण्याच्या घरी. १८ जूनला मडगावात सभाबंदी मोडली गेली आणि दोघांना अटक झाली. लोहियांना सोडून हद्दीबाहेर पाठवलं. सप्टेंबरात ते पुन्हा गेले, तर कुळें स्टेशनवरच पकडले गेले आणि नंतर पुन्हा बाहेर. त्याच वर्षी नॅशनल काँग्रेस (गोवा) ही संघटना स्थापन झाली ती आमच्या लोंढ्यात, कारण गोव्यात ते शक्यच नव्हतं.

आता दुसरी बाजू बघा. त्याच चळवळीतल्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांवर लष्करी न्यायालयात खटला चालला, आठ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकलं. बाहेरच्याला हद्दपार, घरच्याला काळं पाणी. माझ्या सहकारी मुलीचं म्हणणं हेच होतं.

पण ते पूर्ण खरं नाही, हेही सांगायला हवं. १९५५ मध्ये नानासाहेब गोरे, सेनापती बापट, मधू लिमये सत्याग्रह करत आत गेले. गोरे आणि लिमयांना लांबलचक शिक्षा झाल्या, १९५७ पर्यंत तुरुंगात होते. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो नि:शस्त्र भारतीय हद्द ओलांडून गेले, गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसं मेली. त्यांच्या दारात गोळी आली, आणि ती त्यांनी आपणहून घेतली होती. फोटो फॉरवर्ड करणाऱ्या माझी त्यांच्याशी काय बरोबरी!

त्यानंतर भारत सरकारनं नाकेबंदी केली, गोव्याची गाडी बंद झाली. आज्जांच्या मते त्याचा चटका सालाझारला कमी आणि मुंबईत नोकरी करून घरी परतू न शकणाऱ्या गोवेकरांना जास्त बसला. मला ते पटतं. गोव्याचं लोहखनिज जपान-जर्मनीला जातच राहिलं.

मला सगळ्यात भावतं ते रेडिओचं प्रकरण. २५ नोव्हेंबर १९५५ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोन गोव्याची माणसं जंगलात राहून गुप्त केंद्र चालवत होती. आधी आंबोलीच्या बाजूला, पुढं कॅसलरॉकच्या रानात. कोकणी आणि पोर्तुगीज भाषेतून बातम्या द्यायची. जळवा, साप, बिबटे, आमचा पाऊस, सहा वर्षं! जंगल आमचं, पण आवाज त्यांचा. काय बोलायचं ते आमच्यापैकी कुणी ठरवलं नाही. लिबियाताईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी शंभरी गाठली होती.

शेवटी पोर्तुगीज गेले ते सैन्यामुळं, हे नाकारण्यात अर्थ नाही. तुकड्या अनमोडच्या बाजूनं आत शिरल्या आणि १९ डिसेंबर १९६१ ला विषय संपला. मग आम्ही सीमाभागातल्या मराठी माणसांनी धरूनच चाललं, की गोवा आता महाराष्ट्रात येणार. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांनी ३४,०२१ मतांनी 'नाही' म्हणून सांगितलं. आमच्या घरात त्याची हळहळ अजून निघते. चहा आम्ही पाजला, आसरा आम्ही दिला, आणि हे? यावर आज्जा मात्र म्हणायचे, "चहा दिलो म्हणून त्यांचं मत आमचं हुतंय काय?"

(पोर्तुगालमधली हुकूमशाही १९७४ मध्ये पडली. ती त्यांच्याच सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी पाडली.)

फोटोच्या प्रकारानंतर महिनाभरानं मी धीर करून त्या मुलीला विचारलं, मी काय केलं तर उपयोग होईल? तिनं 'स्नोफ्लेक' नावाचं एक ब्राउझर एक्स्टेन्शन सुचवलं. ज्यांच्या देशात इंटरनेट अडवलंय त्यांची जोडणी आपल्या संगणकामार्फत बाहेर निघते. आपण काही बोलायचं नाही, कुठं काही टाकायचं नाही. मी ते बसवलं. गेल्या चोवीस तासांत किती जणांना उपयोग झाला, तेवढा एक आकडा दिसतो.

दिवाळीत लोंढ्याला गेलो तेव्हा बाबांना दाखवलं. आकडा होता ११.

"कोण आहेत ही माणसं?" बाबांनी विचारलं.

"ते कळत नाही."

"काय बोलतात?"

"तेही कळत नाही."

बाबांनी चष्मा काढला. म्हणाले, "लॅपटॉप बंद करू नकोस मग. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे."